ढोलाच्या फोटोपाशी हसणारा

तिसऱ्या दिवशीही तो हसला, आणि अगदी त्याच जागी.

बीदरच्या कलामहोत्सवाला यंदा चाळीस वर्षं झाली, म्हणून तीन दिवस सकाळी एक फेरी ठेवली होती. चौबाऱ्याच्या जुन्या बुरुजापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चालायचं आणि वाटेत महोत्सवाची गोष्ट ऐकायची. ती सांगायचं काम कमलनगरच्या विजयश्रीकडे होतं. पहिली मिरवणूक कुठल्या वळणावर अडली, काळ्या सुरईवर चांदीची तार ठोकणारे बिदरीचे कारागीर कुठल्या ओट्यावर बसले, सगळं तिला पाठ होतं. शेवटी दरवाजाशी पहिल्या वर्षाचा मोठा फोटो होता: बैलगाड्या जोडून केलेलं व्यासपीठ, त्यावर डोळे मिटून ढोल वाजवणारा तरुण. खाली लिहिलेलं, ‘अनोळखी ढोलवादक’.

तालात कसा हरवलाय बघा, असं विजयश्री हळूच म्हणायची. लोक गप्प व्हायचे. आणि हा जनवाड्याहून येणारा उंच, सावळा रविकुमार मान खाली घालून हसायचा.

पहिल्या दिवशी तो आपल्यालाच हसला असं वाटून तिने ओढणी नीट केली. दुसऱ्या दिवशी तिला राग आला. पण राग धरवेना, कारण वाटेत तो प्रश्नच असे विचारायचा… गाड्यांचे बैल कुठं बांधले होते? पडदा कुणी शिवला? आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. घरी जाऊन तिने जुन्या माणसांना फोन केले, आणि आज उत्तरं तयार ठेवून आली. उत्तरं ऐकताना तो ती दाखवत असलेल्या जागांकडे नाही, तिच्याकडे बघत होता — की तिलाच तसं वाटलं?

आजची फेरी शेवटची. आता विचारलं नाही, तर हा माणूस ते हसू घेऊन जनवाड्याला निघून जाणार होता.

माणसं पांगली, रविकुमार मात्र फोटोपाशीच थांबला. तिथेच दरवाजाच्या कोपऱ्यावर चहा विकणाऱ्या कमलम्माने दोन पेले पुढे केले. “तुझा विद्यार्थी लई कच्चा दिसतोय, अक्का. तीन दिवस एकच धडा गिरवायलाय.”

विजयश्रीने पेला घेतला आणि सरळ विचारलं, “रोज हितंच कामून हसताव तुम्ही? माझं काय चुकायलंय?”

“तसं न्हाई…” तो घुटमळला. “त्यो हरवलेला न्हाई. डोळ्यावर एवढा मोठा दिवा मारला व्हता, त्याला काय दिसंना झालतं. म्हणून डोळे झाकले.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“माझा आज्जा हाय त्यो. पिराजी. ठाणाकुशनूरला मेंढरं राखायचा. अजून सांगतो, दिव्याच्या भ्यानं ताल दोनदा चुकला म्हणून.”

विजयश्रीचे कान तापले. चाळीस वर्षं अनोळखी राहिलेला माणूस, आणि तिने तीन दिवस त्याच्यावर मनाची गोष्ट रचली होती. तिने पर्समधून पेन काढलं, ‘अनोळखी’वर रेघ मारली आणि वर ठळक लिहिलं: पिराजी, ठाणाकुशनूर.

रविकुमार बघतच राहिला. आता त्याला हसू येईना.

एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. आवाज कडक ठेवायचा तिचा बेत होता, तो काही जमला नाही.

त्याने चहाचा पेला हातात फिरवला. मोटार वायंडिंगचं दुकान तीन दिवस बंद ठेवून आलोय, म्हणाला. मग थांबला… “पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर माझं काम झालं असतं. दुसऱ्या दिवशी यायला काय निमित्त राहिलं असतं?”

कमलम्मा एकाएकी भांडी घासण्यात फार गुंतून गेली.

विजयश्रीने पेन पर्समध्ये ठेवलं. मग तिने विचारलं, आज्जांकडून हे सगळं ऐकायचं असेल तर ठाणाकुशनूरला कसं जायचं?

“बस हाय. पण दीड तास घेती. मी मोटारसायकल घेऊन येतो, लवकर पोचू.”

“लवकर कशाला?” ती म्हणाली. “तुम्ही बी बसनंच चला.”