एकच वर्ष

पलंगाखालची पत्र्याची पेटी रावयाने पुढे ओढली... आणि पेटी हलकी होती! एरवी ती ओढायची म्हणजे भिंतीला पाय रोवावा लागे, आज ती दोन बोटांनी सरकत आली. तिने झाकण उघडलं. तळाशी एक तुटकी पेन्सिल आणि चिमूटभर धूळ. बाकी काही नाही.

अकरा वह्या! तीन वर्षांच्या अकरा वह्या!

"इनायत!" तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "या पेटीतल्या वह्या कुठं आहेत?"

भावजय इनायत गच्चीवर कपडे वाळत घालून खाली येत होती. तिच्या काखेत नवाकोरा लाल प्लास्टिकचा टब होता. "त्या जुनाट वह्या होय? सकाळी भंगारवाल्याला देऊन टाकल्या, ताई. त्या वह्या आणि दोन फुटके डबे... बदल्यात हा एवढा मोठा टब दिला त्यानं! मला वाटलं, ह्यांच्या शाळेतल्या असतील." मग नणंदेचा चेहरा बघून ती जिन्याच्या पायरीवरच थबकली. "का हो? काही कामाच्या होत्या?"

रावयाने पेटी पुन्हा पलंगाखाली सरकवली. काय सांगणार होती ती? दोनदा परीक्षेत नापास झाल्यावर घरात इतकं हसं झालं होतं, की यंदा पुन्हा फॉर्म भरल्याचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिला पेपर शनिवारी होता. आज सोमवार!

चोवीस वर्षांपूर्वी, रावया सोळा वर्षांची असताना, तिची आई वारली. मागे राहिला वर्षाचा धाकटा भाऊ सफवत, आणि नदीकाठी होड्यांच्या फळ्यांतल्या फटी कापूस ठोकून बुजवणारे तिचे वडील, उस्ता मिसबाह. सगळं रशीद गाव त्यांना उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणे, कारण त्यांनी बुजवलेल्या होडीत कधी पाणी शिरलं नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला दोन महिने उरले होते. उस्तांनी लेकीकडे न बघता म्हटलं, "एकच वर्ष दे मला, पोरी. पोरगं पायावर उभं राहू दे. पुढच्या वर्षी बस परीक्षेला." तिने दिलं. मग सफवतला गोवर आला, मग त्याची शाळा, मग त्याची नोकरी, मग त्याचं लग्न... एक वर्ष मागितलेल्या माणसाने पुन्हा त्याचा विषय काढला नाही, आणि देणारीनेही तोंड उघडलं नाही. अशा उधारीला आपल्याकडे माया म्हणतात!

तीन वर्षांपूर्वी ती खासगी शिकवणीच्या क्लासमध्ये झाडलोट करायला लागली. एक मास्तर बाहेर गेला की दुसरा येईपर्यंत फळा पुसायचा, हे तिचं काम. फळा पुसण्याआधी ती त्यावरचं सगळं वहीत उतरवून घेई. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात पेन्सिल! मागच्या बाकावरची पोरं ओरडत, "आजीबाई, पुसा की लवकर, वाचताय काय?" ती लिहीतच राही. ज्या फळ्याला पुसायला तिला ठेवलं होतं, त्याच्यासमोर एक दिवस हातात खडू घेऊन उभं राहायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. शाळेचं प्रमाणपत्र मिळालं की शिक्षिका होण्याच्या कॉलेजात नाव घालता येणार होतं. पुढच्या वर्षी मात्र अभ्यासक्रम बदलणार होता, मग या वह्यांचा काही उपयोग नव्हता. म्हणजे हीच शेवटची संधी... आणि हातातोंडाशी आलेला घास भंगारवाल्याच्या गाडीवर चढून गेला!

दुपारी सफवत जेवायला आला आणि त्याला सगळं कळलं. "ताई, चाळीस वर्षांची झालीस तू!" तो हसतच म्हणाला. "बैल गेला नि झोपा केला, अशातली गत! आता तुझं प्रमाणपत्र कोण विचारणार आहे? कबरीत फरिश्ते विचारतील?"

"अहो, गप्प बसा ना," इनायत कळवळून म्हणाली.

"मी काय खोटं बोलतोय? दोनदा आपटली. बरंच झालं वह्या गेल्या ते, सुटली एकदाची!"

ज्याला तिने कडेवर वागवलं, ज्याच्या तापात रात्ररात्र जागली, तो हा भाऊ! रावयाने आशेने वडिलांकडे पाहिलं. "बाबा... तुम्ही तरी काही बोला ना!"

उस्ता मिसबाह ताटातला भाकरीचा तुकडा नुसता फिरवत होते. हात धुऊन ते काठावर निघून गेले, आणि थोड्या वेळाने तिकडून त्यांच्या लाकडी हातोड्याचे ठोके ऐकू येऊ लागले. तेव्हा मात्र रावयाचा धीर सुटला. सगळी भंगारगल्ली ती पालथी घालून आली, पण भंगारवाला माल विकून केव्हाच पुढच्या गावी गेला होता. परतल्यावर तिने परीक्षेच्या नंबराची चिठ्ठी रिकाम्या पेटीत टाकली आणि झाकण लावलं. "संपलं," ती स्वतःशी म्हणाली. "माझ्या नशिबात फडकंच!" आणि ती चुलीशी जाऊन रडत राहिली, कांदा चिरायच्या निमित्ताने.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ता नेहमीसारखे कोपऱ्यावरून तामिया, म्हणजे वाटलेल्या वालांचे गरम वडे, घेऊन आले. रावयाने ताटल्या मांडल्या, चहा ओतला. वडे ताटलीत काढून उस्ता पुडीचा तेलकट कागद चुरगाळणार, तोच त्यांचा हात थांबला. त्यांनी कागद उलगडला, खिडकीच्या उजेडात धरला. उस्तांना वाचता येई, पण होडी ओढल्यासारखं, एकेक अक्षर करत. त्यांचे ओठ हलत होते. चहा निवून गेला... वडेही निवले.

"बाबा? काय झालं?"

उस्ता उठले. कागदाची घडी करून त्यांनी छातीशी धरली, आणि एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुनेची, असे ते घराबाहेर धावत सुटले. सत्तरी ओलांडलेला माणूस! सफवत हाका मारत त्यांच्यामागे गेला.

दुपार टळली तरी दोघांचा पत्ता नव्हता. शेजारीण बातमी घेऊन आली, "अगं रावया, उस्तांना झालंय तरी काय? तामियावाल्याच्या दुकानात उभं राहून लोकांच्या हातातले वडे काढून ताटलीत ठेवतायत नि कागद तेवढे मागून घेतायत! आणि तुमचा सफवत भाजक्या बिया विकणाऱ्याशी हुज्जत घालतोय, पुड्या सोड म्हणून!"

तिसऱ्या प्रहरी बापलेक घरी आले. सफवतच्या सदऱ्याची झोळी कागदांनी भरली होती. तेलाचे, तिळाच्या चटणीचे डाग पडलेले, कोपरे फाटलेले, पण तिच्याच अक्षरातले कागद! त्याने मान खाली घातली. "सात वह्यांचे मिळाले, ताई. बाकीचे..." त्याने झोळी खाली रिकामी केली. "बाकीचे लोकांनी फेकून दिले. ताई, मला बाबांनी तो कागद वाचून दाखवायला लावला. भर बाजारात. मला माहीतच नव्हतं गं! मी वर्षाचा होतो!"

उस्तांनी छातीशी धरलेली घडी तिच्यापुढे केली. तो तिने सरावासाठी लिहिलेला निबंध होता, 'मी न विसरलेला दिवस'. तिच्याच ओळी तेलातून तिच्याकडे बघत होत्या:

'मला शाळेतून काढलं त्या दिवशी बाबा एका अर्धवट होडीच्या पोटात शिरले. बराच वेळ हातोड्याचा आवाज आला नाही. मी बाहेर उभी होते. आतून हुंदके येत होते. बाबांना वाटतं, मला ठाऊक नाही. त्यांनी एकच वर्ष मागितलं होतं. ते परत मागायचं मला कधी धाडस झालं नाही, कारण हातोडा पुन्हा थांबेल अशी भीती वाटते.'

"मागायचं होतंस गं!" म्हातारा फुटून रडला. "भांडायचं होतंस माझ्याशी! मला लाज वाटायची म्हणून मी गप्प होतो, आणि तू माझी कीव करून गप्प! आपल्या दोघांच्या गप्प बसण्यात तुझं सगळं आयुष्य गेलं, पोरी!"

रावयाने त्यांच्या पायांवर डोकं ठेवायच्या आत त्यांनी तिला छातीशी धरलं. इनायत एव्हाना कामाला लागली होती. रडता रडताच तिने प्रत्येक कागदावर पीठ भुरभुरलं, तेल टिपून घेतलं, आणि वाळलेली पानं एकेक करून त्याच लाल टबात रचली. "ताई, मी विषयवार लावते. पण इतिहासाची निम्मी पानं नाहीत हो."

"कुठपासून नाहीत?"

"कालवा खणल्यापासून पुढची."

रावयाने डोळे मिटले. फळा तिच्यासमोर उभा राहिला... वरच्या कोपऱ्यात तारीख, खाली मास्तरांची तिरकी अक्षरं. ती बोलू लागली, अडखळत, मग सलग. इनायत लिहून घेत होती. सफवत तोंड उघडं टाकून ऐकत होता. पुसलेला एकेक फळा तिच्या डोक्यात जसाच्या तसा होता, हे तिलाही त्या दिवशीच कळलं.

शनिवारी सकाळी परीक्षेच्या फाटकाबाहेर पोरांच्या आया हातात कुराण घेऊन उभ्या होत्या, कुणी पुटपुटत, कुणी डोळे पुसत. त्या बायकांच्या घोळक्यात धुतलेला झगा घालून उस्ता मिसबाह उभे होते. पहारेकऱ्याने रावयाला अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं, बाई." तेव्हा म्हातारा गर्जला, "पालक मी आहे! ती परीक्षेला बसतेय!" अख्खा घोळका वळून बघायला लागला. रावया मान ताठ करून आत गेली. प्रत्येक पेपराला उस्ता तिथे होते, उन्हातान्हात, घंटा होईपर्यंत.

निकाल लागला त्या दिवशी घाईघाईत फोनवर नंबर टाकायला सफवतला तीनदा प्रयत्न करावा लागला. "पास!" तो किंचाळला. "ताई पास!" इनायतच्या आनंदाच्या आरोळीने गल्ली दणाणली, शेजारणी धावल्या, कुणीतरी सरबत ढवळलं. रावया मात्र कान देऊन उभी होती. काठावरचे ठोके थांबले होते.

ती धावत काठावर गेली. एका नव्या होडीच्या पोटातून हुंदके येत होते. चोवीस वर्षांपूर्वी ती बाहेरच उभी राहिली होती. आज ती वाकली आणि आत शिरली.

कापसाच्या ढिगाऱ्यात उस्ता गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "एकच वर्ष म्हणालो होतो मी..." ते कसेबसे म्हणाले.

रावया त्यांच्याशेजारी बसली. त्यांचा डांबर लागलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "आज संपलं ते वर्ष."