आर्लनपुढचा रिकामा कंस

एल्म प्रेअरी या गावचं साप्ताहिक आता बंद पडलंय. पण तेव्हा, काय सांगू, गुरुवारचा अंक आला की सगळं गाव आधी शेवटचं पान उघडायचं. कोण गेलं, कसं जगलं... ते पान मार्लिस लिहायची. गावातल्या नामवंतांचे मृत्युलेख तर ते हयात असतानाच तयार ठेवावे लागत!

एका पावसाळी मंगळवारी आर्लन छत्री झटकत कचेरीत शिरला.

"आमच्या आजोबांना स्वतःचा मृत्युलेख वाचायचाय."

"अहो, पण ते तर ठणठणीत आहेत!"

"म्हणूनच! गेल्यावर चुका कोण काढणार?"

मार्लिसला हसू आवरेना. उभी हयात गावचा बँड चालवलेले एमिल आजोबा म्हणजे भारी खट्याळ माणूस. मग दर मंगळवारी ती त्यांच्या घरी जाऊ लागली. आजोबा नवी चूक काढायचे, आर्लन कॉफी द्यायचा — आणि कप देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळायची.

"आजोबा, हा लेख संपायचा कधी?"

"घाई काय आहे, पोरी? मागे राहिलेल्यांची नावं देतेस ना, प्रत्येकापुढे कंसात जोडीदाराचं? आमच्या नातवाचा कंस भरू दे की आधी!"

आर्लन कानापर्यंत लाल झाला. मार्लिसनं कागदात डोकं खुपसलं.

मार्चमध्ये आजोबा झोपेतच गेले. मार्लिसनं रडत रडत लेख पुरा केला. मंगळवार संपले... आता आर्लन कशाला भेटायला येतोय?

गुरुवारी सकाळपासून कचेरीतला फोन खणखणू लागला. तिनं पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नातू आर्लन, पुढे कंस — आणि आत काहीच नाही! सवयीनं कंस घातला होता, खोडायचा राहून गेला.

तेवढ्यात अंक हातात घेऊन आर्लनच दारात उभा.

"माझीच चूक हो... पुढच्या अंकात दुरुस्ती छापते. कंस काढून टाकते."

"काढू नकोस." त्यानं अंक तिच्यापुढे टेबलावर ठेवला. "भर."

"कुणाच्या नावानं?"

"तुझ्या. मला तू आवडतेस, मार्लिस. पहिल्या मंगळवारपासून... चालेल?"

"किती उशीर केलास रे!" ती हसता हसता रडू लागली.

पुढच्या गुरुवारी शेवटच्या पानावर छोटीशी चौकट आली : 'गेल्या अंकात आर्लन यांच्या नावापुढचा कंस रिकामा राहिला. तिथे मार्लिस असं वाचावं.'

अशा दुरुस्तीखाली एरवी दिलगिरीची ओळ असायची. ती तेवढी मार्लिसनं लिहिली नाही.