मंजुरीआधीचा पाया

ही गोष्ट १९७१ सालची. नगरपालिकेचा ओव्हरसियर एका शिंप्याच्या पायाच्या खड्ड्यात मरून पडला, ते हे साल.

शिंप्याची बायको वहिनींकडे आली ती अनवाणीच. नवऱ्याच्या माघारी त्याचं खाजगी चौकशीचं ऑफिस वहिनीच चालवत. मदतीला धाकटा दीर. गावभर त्याला भाऊजीच म्हणत. माणूस सरळ, पण त्याची ट्यूब जरा उशिरा पेटायची.

"ह्यांना उद्या कोर्टात उभं करणार," शिंपीण म्हणाली. "खून ह्यांच्याच माथी मारणार."

दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत शिंप्याला दुमजली घर बांधायचं होतं. वरचा मजला मुलाच्या संसारासाठी. परवानगीचा अर्ज वर्षानुवर्षं अडकलेला. शेवटी कंटाळून त्यानं मंजुरीआधीच पाया खोदला. ओव्हरसियरनं काम थांबवलं, तेव्हा गल्लीदेखत शिंपी ओरडला होता की, याच खड्ड्यात गाडीन तुला. त्याच आठवड्यात ओव्हरसियर मोजणीला आला आणि भरदुपारी त्याच खड्ड्यात सापडला. डोकं पायाच्या दगडावर फुटलेलं.

वहिनी गल्लीत शिरल्या तेव्हा समोरून हातगाडी आली. भाऊजींना भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यावं लागलं. दोन्हीकडच्या दुमजली घरांच्या खिडक्या एकेक करून लागत गेल्या.

खड्डा लांबट, अरुंद होता. पाहणाऱ्याला नको ती आठवण व्हावी असा. गल्लीतली माती काळी, पण खाली पिवळी लागलेली. नळ फुटल्यामुळे तिचा नुसता चिखल झाला होता. मेलेल्या माणसाची पिशवी फौजदारानं दाखवली. चामड्याच्या डबीत मोजणीचा टेप नीट गुंडाळलेला. वहिनींनी थोडा ओढून पाहिला. पोलादी पट्टी लखलखीत होती.

"एकटाच आला होता तो," फौजदार म्हणाला.

शेजारचे मास्तर वेगळंच सांगत होते. शिंप्याच्या घरामुळे आपला उजेड जाईल म्हणून त्यांनी हरकतींवर हरकती घेतल्या होत्या. मोतीबिंदूमुळे दिसलं काही नव्हतं, पण "धरलं का?" असं कुणीतरी विचारल्याचं त्यांनी ऐकलं होतं.

नगरपालिकेतला शिपाई रडतारडता हसला. साहेब गेले, पण त्यांच्यासारखा गबाळा माणूस नाही, म्हणे. टेपवर चिखलाची पुटं, गंज चढलेला. गुंडाळताना अडकला की सगळं ऑफिस ओढायला.

गल्लीतल्या घरांचे नकाशे काढणारा इंजिनिअर मात्र टापटिपीचा. बोलताबोलता तो टेबलाच्या काचेचं माप घेत होता. टेप आत घेताना पट्टी खिशातल्या पिवळट फडक्याच्या चिमटीतून सरकत होती.

"मंजुरीआधी खोदलं म्हटल्यावर मी अंगच काढून घेतलं," तो म्हणाला. "त्या खोदाईनंतर मी तिकडे फिरकलोही नाही."

बाहेर पडल्यावर भाऊजी म्हणाले, "बघा वहिनी, माणूस असावा तर असा."

"बघितला," वहिनी म्हणाल्या.

तिथून त्या शिंपिणीकडे गेल्या. खरं बाहेर आलं तर नवरा सुटेल, पण घराला परवानगी कधीच मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

शिंपिणीनं खड्ड्याकडे पाहिलं. "घर गेलं खड्ड्यात," ती म्हणाली. "त्यांना आणा."

संध्याकाळी फौजदारानं सगळ्यांना गल्लीत बोलावलं. शिंप्यालाही आणलं. वहिनींनी मेलेल्याचा टेप काढला. एक टोक भाऊजींना धरायला लावून गल्लीची रुंदी मोजली. वरच्या मजल्याची परवानगी गल्लीच्या रुंदीवरच मिळे, आणि इंजिनिअरनं प्रत्येक नकाशात दाखवली होती त्याहून ती बरीच कमी भरली. मग तीच चिखलात लोळलेली पट्टी त्यांनी सहज इंजिनिअरपुढे केली. "गुंडाळता जरा?"

त्याचा हात आपसूक खिशात गेला. फडकं बाहेर आलं, आणि तिथेच थबकलं.

"थांबलात का?" वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी नाही थांबलात. भाऊजी, टेपनं मोजायला दोघं लागतात. दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं, ते मास्तरांनी ऐकलं. ओव्हरसियर जन्मात टेप पुसणारा नव्हता, शिपाई काय म्हणाला आठवा. मग तो लखलखीत कसा?"

"शिंपीही टेपवालाच की," भाऊजी म्हणाले.

"त्याचा कापडी. तो गळ्यात टाकतो, पुसत नाही. चिखलातून आलेली पट्टी पुसल्याशिवाय आत न घेणारा माणूस या गल्लीत एकच. फौजदारसाहेब, ते फडकं घ्या. ही पिवळी माती खड्ड्याखेरीज कुठेच वर आलेली नाही, आणि हे खोदाईनंतर इकडे फिरकलेच नाहीत."

इंजिनिअरनं फडकं फौजदाराच्या हातात दिलं. "ओव्हरसियरनं गल्ली मोजली," तो म्हणाला. "वर एक मजलाही नियमात बसत नव्हता. इथली सगळी घरं माझ्याच नकाशांवर उभी आहेत. मी हात जोडले. तो ऐकेना."

इंजिनिअरला जन्मठेप झाली, तुरुंगातच वारला. ओव्हरसियरच्या बायकोला नगरपालिकेनं नोकरी दिली. मास्तरांचा उजेड राहिला, डोळे गेले. भाऊजींनी पुढे लग्न केलं. वहिनींनी ऑफिस शेवटपर्यंत चालवलं.

शिंपी त्याच रात्री घरी आला. मुलगा परगावी बिऱ्हाड करून राहिला. गल्लीतल्या प्रत्येक घराला वरचा मजला पाडायची नोटीस लागली, आणि त्यानंतर त्या गल्लीतून कुणीही शिंप्याकडे कपडे शिवायला टाकले नाहीत. खड्डा नवराबायकोनंच बुजवला. तो टोपल्या भरून देई, ती ओती.