बत्तिसाव्या प्रकरणाचं कुलूप

बाबांनी आईसाठी वाचलेल्या कादंबरीची एकतीस प्रकरणं दुपारी तीनपर्यंत निमूटपणे नव्या जागी गेली. बत्तिसावं अडून बसलं. जुनी क्लाउड सेवा संध्याकाळी पाचला कायमची बंद होणार होती, आणि तिथे जे उरेल ते गेलंच.

लेक प्रोग्रामर होती. बाबा तिला चिडवायला इंजिनीअरबाई म्हणायचे. आईची नजर गेल्यावर हे सगळं तिनेच जमवलं होतं. बाबांनी टॅबलेटसमोर बसून वाचायचं, आवाज थेट क्लाउडवर साठायचा. वाचन चालू असताना दुसऱ्या कुणी फाइलला हात लावू नये म्हणून तिला कुलूप. ते दर मिनिटाला नव्याने लागायचं आणि बाबांनी 'पुरे' दाबलं की सुटायचं. शेवटचं प्रकरण अर्ध्यावर असताना बाबा गेले, त्याला आठ महिने झाले. ते अर्धं प्रकरण आईने अजून ऐकलं नव्हतं. ऐकलं की संपेल, एवढंच म्हणायची.

'फाइल वापरात आहे,' एरर सांगत होती.

अशा एररना लेक पुरून उरायची. तिने सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहिली, परवानग्या पाहिल्या, संगणकाचं घड्याळसुद्धा ताडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. मग कुलूप कुणाचं, ते विचारलं. उत्तर आलं : बाबांचा टॅबलेट. शेवटचं लागलं, चाळीस सेकंदांपूर्वी.

टॅबलेट कपाटात बाबांच्या स्वेटरखाली होता. बॅटरी केव्हाच संपलेली, काचेवर धूळ.

तिने फाइलचा आकार पाहिला. मिनिटाने पुन्हा पाहिला. वाढला होता.

"काय गं, अडलं का कुठे?" आईने खुर्चीतून विचारलं.

लेकीने सगळं सांगून टाकलं. आईपासून लपवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

आई खुर्चीत पुढे सरकली. "जबरदस्तीने उघडता येतं?"

"येतं. पण आत जे चाललंय ते मध्येच तुटेल."

"मग थांब. पान उलटलं की चष्मा पुसतात ते. वेळ लागतोच."

साडेचार झाले. पावणेपाच. कुलूप तोडायची आज्ञा लिहून तयार होती, फक्त एक कळ दाबायची. नाही तोडलं तर हातातलं अर्धंही जाणार. तिचं बोट कळीवर गेलं. तिला जरा राग आला. या माणसाने जन्मभर सगळ्यांना जेवायला ताटकळत ठेवलं होतं.

"बाबा, सोडा ना आता," ती पुटपुटली.

आणि तिने बोट मागे घेतलं.

चार छप्पन्न. कुलूप.

सत्तावन्न. कुलूप.

अठ्ठावन्नला ते पुन्हा लागलं नाही. फाइल निघाली, पोचली. पाच वाजले.

"लाव," आई म्हणाली.

बाबांचा संथ आवाज खोलीत आला. प्रकरण अर्ध्यावर पोचलं, थबकलं आणि पुढे चालू लागलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. लेकीने तिचा हात घट्ट धरला.

शेवटच्या पानाआधी बाबा थांबले. काचेवर कापड फिरल्याचा आवाज आला. त्यामागे, खूप लांबून, एक बाईमाणूस पुटपुटलं, "बाबा, सोडा ना आता."

"झालंच, इंजिनीअरबाई," बाबा म्हणाले. "दोनच ओळी राहिल्यात."