अठ्ठावन डबे

बद्रीनाथ वायरमन कडूबाआबाला बोलवायला आला तेव्हा काम साधंच होतं. घरातलं एक बटन निकामी करायचं होतं.

ही गोष्ट आबा दिवसा सांगत नाय. मुकुंदवाडी स्टेशनच्या पार टोकाला सिमेंटचा एक बाक हाय, जिथं दिवा नाय, तिथं बसून सांगतो. आबा गल्लीतला जुना वायरमन. डोळ्याला आता कमी दिसतं, पण टेस्टर अजून बंडीच्या खिशात, झोपताना बी. त्या रातीला समोर गल्लीतली पाच-सहा टाळकी बसली होती. त्यात सांडू सगळ्यात आगाऊ. त्यानं सुरुवातीलाच विचारलं की भुताला टेस्टर लावला तर लाल लाईट लागते का.

आबा म्हणला, "तू ऐक आधी. मग तुलाच लावून बघतो."

तर बद्रीनाथ आला ती तारीख आबाला पाठ हाय. २२ मे २०१२, मंगळवार, सांजच्याला. लूना दारात लावली, चहाला नको म्हणला, आणि बटनाचं सांगितलं. आबानं विचारलं, काय झालंय त्याला? तर म्हणे ढिलं झालंय, आपोआप खाली पडून चालू होतं. आबा म्हणला, कधी पडतं? बद्रीनाथनं चपलीकडं बघत सांगितलं, "मालगाडी गेली की."

आबा हसला. घर लाईनीला इतकं खेटून होतं की मागच्या खिडकीतून बिडीचं थोटूक फेकलं तरी रुळाजवळ पडायचं. गाडी आली की मांडणीतली भांडी नाचायची, देवाचा फोटो तिरपा व्हायचा. बटनाचं काय घेऊन बसला?

आता लाईनीजवळच्या माणसांची एक सवय सांगायला पायजे, नायतर पुढचं कळायचं नाय. तिथं गाडी आली की बोलणारा गप होतो. अर्धा शब्द बाहेर, अर्धा तोंडात. भांडण चालू असलं तरी हात वर तसाच, तोंड उघडं तसंच. गाडी गेली की जिथं तुटलं तिथूनच पुढं. बाहेरचा पाव्हणा आला की हसून लोळतो. लाईनीवाल्याला त्यात काय वाटत नाय. रोज इतक्या गाड्या, प्रत्येकीसंगं ओरडत बसलं तर घसा फाटल. आणि गाडी चालू असताना शेजारी माणूस मेला तरी ऐकू येत नाय, हे तिथं सगळ्यांला मान्य. त्यावर कुणी कुणाला बोल लावत नाय.

घर बांधलं होतं बद्रीनाथच्या थोरल्या भावानं, पुंजारामनं. दोन खोल्या, मधी भिंत. पुंजाराम लवकर गेला. पुढच्या खोलीत बद्रीनाथ, त्याची बायको आशाबाई आणि पोरगं बन्सी. बन्सी वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. मागच्या खोलीत पुंजारामची बायको, मनकर्णाबाई. मूलबाळ नाय, कुणाच्या अध्यात नाय. तिच्याकडं पुंजारामच्या हातचा एक कूलर होता, पत्र्याचा, जुना, दोन माणसांनी उचलायचा. आणि पुंजारामनं वायर वाचवायला म्हणून त्याचं बटन बसवलं होतं पुढच्या खोलीतल्या बोर्डावर, नेमकं बद्रीनाथच्या खाटेच्या उशाशी.

मग उन्हाळाभर रोज सांजच्याला एकच बोलणं. भिंतीच्या पलीकडून मनकर्णाबाई म्हणायची, "भावजी, बटन बंद करा." बद्रीनाथ बटन बंद करून म्हणायचा, "केलं, वहिनी." मग ती बादलीनं टाकीत पाणी भरायची, हात घालून गवत नीट करायची, आणि म्हणायची, करा चालू. पत्र्याच्या कूलरला चालू असताना हात लावायचा नाय, हे तिथल्या शेंबड्या पोराला बी माहीत.

२०११ च्या मे महिन्यात, एका सांजच्याला, मनकर्णाबाई त्या कूलरलाच चिकटून मेली.

बन्सी शिफ्टला गेलेला, आशाबाई गिरणीत दळण घेऊन. घरात एकटा बद्रीनाथ. तो सगळ्यांला सांगत राहिला की वहिनीनं हाक मारलीच नसल, आणि मारली असली तरी मालगाडी चालली होती, काय ऐकू येणार? लोकांनी मान हलवली. पोलिसानं बी तेच लिहून घेतलं. लाईनीवर राहणाऱ्या माणसाला ह्याच्यापुढं कोण काय विचारणार?

सांडू मधीच म्हणला, "म्हणजे आबा, खोली मोकळी झाली."

"व्हय," आबा म्हणला. "बन्सीचं लग्न करायचं होतं. नव्या सुनेला खोली पायजे होती. त्यावरून वहिनीची आणि त्याची आधी चार-पाच डाव चकमक झाली होती. वहिनी म्हणायची, माझ्या नवऱ्याचं घर, मी कुठं जाऊ?"

वर्ष सरेपर्यंत सोयरीक जुळवता येईना. वर्ष सरलं. गंगापूरकडचे पाव्हणे सुपारी फोडायला येणार, गुरुवार, २४ मे. म्हणून मंगळवारीच बद्रीनाथ आबाकडं आला. बटन उपसून काढलं तर बोर्डाला भोक दिसंल, पाव्हणे विचारतील, म्हणून आबानं मागून दोन्ही वायरी तोडल्या, बटन बंदवर ठेवलं आणि वरून काळी टेप तीनदा गुंडाळली. मागच्या खोलीत जाऊन कूलरची वायर बी कापली, गुंडाळून पिशवीत घातली. कूलरच्या टाकीत वर्षाची धूळ होती. एक मेलेलं झुरळ होतं. पाण्याचा थेंब नव्हता. हे आबानं टॉर्च मारून बघितलं हाय.

जाताना आबा म्हणला, "आता तुझ्या मालगाडीचा बाप आला तरी पडायचं नाय."

बद्रीनाथ हसला नाय. त्यानं बोर्डाला पाठ करून खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली.

गुरुवारी सांजच्याला सात वाजता पाव्हणे आले. आठ-दहा माणसं. पुढच्या खोलीत सतरंजी, मधी पाट, पाटावर सुपाऱ्या, नारळ. आबा शेजारी म्हणून दाराजवळ बसलेला, हातात चहाचा कप. बद्रीनाथ सरकवलेल्या खाटेवर, आशाबाई बोर्डाखाली बसलेली. साडेसातला अख्ख्या गल्लीची लाईट गेली. बन्सीनं चार्जिंगचा लाईट लावला. उकडून जीव चाललेला, तरी माणसं खुशीत होती. पोरीचा मामा थट्टा करत होता की तुमच्याकडं पोरीला गजर लावायचीच गरज नाय.

मग मामानंच विचारलं. मागच्या खोलीत कोण राहतं?

बद्रीनाथ जरा चुळबुळला. पण त्यानं वर्षभर इतक्या डाव सांगितलं होतं की तोंडाला पाठ झालं होतं. तो म्हणला, वहिनी राहायची. लई माया लावली पोराला. त्या दिवशी मी इथंच बसलेलो बघा, ह्याच खाटेवर. पण मालगाडी चालली होती, काय ऐकू...

आणि पावणेआठची मालगाडी आली.

सगळे गप. गंगापूरची माणसं बी गप बसली, हसू दाबून. कप थरथरले. पाटावरच्या सुपाऱ्या एकमेकींवर वाजायला लागल्या. बद्रीनाथचं तोंड तसंच उघडं. जिभेवर कुणीतरी बोट दाबून धरावं तसं. तोंड मिटायला बघत होता. मिटंना.

गाडी गेली. शेवटच्या डब्याचा आवाज चिकलठाण्याकडं विरला.

सगळे "येणार" ह्या शब्दाची वाट बघत होते.

बद्रीनाथच्या तोंडातून आवाज आला.

"भावजी, बटन बंद करा."

बाईचा आवाज. मनकर्णाबाईचा. आबाच्या हातातला कप कलंडला, मांडीवर चहा सांडला, भाजलं, तरी आबा हलला नाय.

मग त्याच तोंडातून बद्रीनाथचा स्वतःचा आवाज. हलका. खोडी काढताना काढतो तसा.

"केलं, वहिनी."

त्याचा हात उशाकडच्या हवेत वर गेला होता. बटनाच्या उंचीला. तिथं बटन नव्हतं. खाट सरकवली होती ना. आणि त्या हातानं काहीच दाबलं नाय. नुसता तिथं थांबला.

"भावजी... हात... बटन..."

मग गप.

मग बद्रीनाथ मोजायला लागला.

"एक."

कुणाला काय कळंना. मामा हसायला गेला आणि राहिला.

"दोन. तीन. चार."

बद्रीनाथचे डोळे रडत होते. तोंड मोजत होतं. हात हवेत तसाच. आधी आशाबाईला कळलं. मग बन्सीला. मग आबाला. हा डबे मोजतोय. त्या दिवशीचे. वहिनी पलीकडं चिकटलेली, आणि हा बटनापाशी बोट धरून, एकेक डबा...

"बावीस. तेवीस."

कुणी उठलं नाय. कुणाला उठता येईना.

"सत्तावन. अठ्ठावन."

जरा थांबला. मग लेकराला समजावतात तसा म्हणला,

"आता करतो बंद."

त्याच टायमाला मागच्या खोलीत कूलर चालू झाला.

अख्ख्या गल्लीत लाईट नव्हती. वायर आबाच्या घरी पिशवीत होती. पंख्याचा आवाज. घर्र... घर्र... आणि गवतावरून पाणी ठिबकायचा आवाज. दाराच्या फटीतून गार वारा आला. ओल्या गवताच्या वासाचा.

बद्रीनाथ उठला. स्वतःहून नाय उठला. मनगट धरून उठवावं तसा उठला, एक हात पुढं ताणलेला. पाय मागं ओढत होता. सतरंजी त्याच्या पायासंगं गोळा होत गेली. पाट उलटला. दारापाशी त्यानं आशाबाईकडं बघितलं.

आत गेला. दार लागलं.

लाईन मोकळी व्हायची वाट बघत स्टेशनापलीकडं उभी असलेली दुसरी मालगाडी सुटली होती. ती आली.

घर हलायला लागलं. दार हलत होतं. गाडीनं हलत होतं का आतून... काय सांगता येत नाय. बन्सी उठून दाराकडं धावला. आशाबाईनं त्याचा हात धरला. बारकी बाई, पण बन्सीला हात सोडवता येईना. ती दाराकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते.

आबा तिच्या समोरच होता. आबा सांगतो, ती मोजत होती.

गाडी गेली.

आशाबाईनं हात सोडला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कडी नव्हती. बद्रीनाथ कूलरजवळ गुडघ्यावर बसलेला, उजवा हात पत्र्याला चिकटलेला. आबानं पहिला टेस्टर लावला. सवय. लाईट लागली नाय. कूलरमधी करंट नव्हताच, येणार कुठून? तरी हात सुटंना, दोघांनी ओढून काढला. टाकी काठोकाठ भरली होती.

डॉक्टर म्हणला, हार्ट. पोलीस आला, आशाबाईला विचारलं, बाई, नवऱ्यानं हाक मारली असल की.

आशाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणली, "मालगाडी चालली होती. काय ऐकू येणार?"

पोलिसानं लिहून घेतलं.

बन्सी आईला घेऊन बजाजनगरला राहायला गेला. घराला कुलूप हाय. जायच्या आधी आशाबाईनं आबाला बोलवून सांगितलं, ते बटन घेऊन जा, माझ्यानं बघवत नाय. आबानं स्क्रू काढले. टेप तशीच होती, तीन वेढे, कुठं उचकटलेली नाय. भिंत कोरडी. बोर्ड कोरडा. टेपच्या आतून पाणी गळत होतं.

आबा थांबला.

मग सांडूनं खाकरून घेतलं आणि म्हणला की आबा, स्टोरी एक नंबर, पण बटन कुठंय? का ते बी भुतानं नेलं?

आबानं बंडीत हात घातला. टेस्टर बाजूला सारला. काळ्या टेपमधी गुंडाळलेलं एक जुनं बटन सांडूच्या हातावर ठेवलं. सांडूनं चाचपलं, सगळ्यांला दाखवलं. खडखडीत कोरडं. टेप जुनी होऊन कडक झालेली.

"मूठ मिट," आबा म्हणला. "आणि बोल की आता, काय बोलायचं..."

लांबून भोंगा वाजला. मालगाडी. बाक थरथरला. सगळे गप झाले, सवयीनं. सांडू बी गप. डबे जात राहिले. लई वेळ जात राहिले.

गाडी गेली.

आबानं वाक्य पुढं नेलं नाय. नुसता सांडूच्या मुठीकडं बघत बसला.

सांडूनं मूठ उघडली. आबानं बटन उचलून परत खिशात टाकलं. कुणीतरी म्हणलं, घाम असल. सांडूच्या बोटांमधून थेंब खाली पडत होते, बाकावर, चपलीवर. घरी जाईपर्यंत त्यानं तो हात अंगापासून लांब धरला होता, आणि पँटीला पुसला नाय.