माझी ताई अजून यायचीय

बस ना, पोरी. उद्यापासून ही खुर्ची तुझी आणि जुन्या फितींचा हा कुबट वासही तुझाच. काम सोपं आहे. वाहिनीच्या गोदामातून फीत आणायची, यंत्रावर लावायची, संगणकात उतरवायची. त्या दाराच्या मात्र नादी लागू नकोस. चौकट फुगलीय, वीतभर उघडंच राहतं. दोन सुतार आले आणि हात टेकून गेले. दुपारी व्हरांड्यातलं ऊन त्या फटीतून थेट पडद्यावर येतं. आत्ताही बघ, आलंच आहे.

मध्यंतरी साहेबांनी मुलांच्या एका जुन्या कार्यक्रमाच्या फिती उतरवायला सांगितल्या. शाळा सुटली की आम्ही तो बघायचो. गोष्टीवाली मावशी यायची, पदर सारखा करायची, सरळ आपल्याकडे बघून विचारायची, "आले का सगळे?" आणि चक्क थांबायची. उत्तर ऐकायला! आता कोण थांबतं गं? नुसता धांगडधिंगा. शेजारणीची नात माझ्याकडे येऊन फोनवर कार्टून बघत बसते, पण तिला त्यातलं कुणी कधी काही विचारतच नाही. ती हसतही नाही.

साहेब म्हणाले, त्या गप्प जागा कापून टाका, तेवढ्यात मुलं दुसरीकडे पळतात. मला असा राग आला! पण पोटापुढे कुणाचं चालतं?

मला एक धाकटा भाऊ होता. टिल्लू. मी येईपर्यंत हा टीव्हीला नाक लावून बसलेला. मावशीने विचारलं की बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "माझी ताई अजून यायचीय!" जशी काही मावशी आमच्यासाठी खोळंबणार होती. मी हातपाय धुऊन आले की मागे न बघताच म्हणायचा, "दार लाव, ऊन येतंय." शेवटी येईल त्याने दार लावायचं, हा आमच्या घरचा कायदा.

मग एका तापात टिल्लू गेला.

त्यानंतर तो कार्यक्रम मी कधी बघितला नाही. ती वेळ झाली की स्वयंपाकघरात आईच्या पाठीला पाठ लावून बसायचे. आईही गेली, त्याला बरीच वर्षं झाली. घरी आता मी आणि भिंती. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं.

तर गप्प जागा कापायच्या आधी आवाज पूर्ण चढवून ऐकायची असते. कुणाचा श्वास, कुणाची चाहूल मध्येच तुटायला नको म्हणून. हे तूही पाळ. टिल्लू होता तेव्हाच्या फितींमध्ये काहीच नव्हतं, नुसती खरखर. त्या मी मुकाट्याने कापल्या. मग तो गेल्यानंतरची पहिली फीत लावली. मावशीने विचारलं. खरखर... आणि त्या खरखरीत, फार लांबून...

"माझी ताई अजून यायचीय."

मी फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. आवाजाचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तर म्हणाला, फीत गुंडाळून राहिली की एका वेढ्यातला आवाज दुसऱ्यात उमटतो. असेल बाई. पण त्या कार्यक्रमात कधीच मूल नसायचं, हेही त्यानेच सांगितलं. पुढची फीत लावली. त्याच्या पुढची लावली. प्रत्येकीत तेच. आवाज मात्र दर खेपेला थोडा थोडा दमत गेलेला.

मी स्वयंपाकघरात होते गं. आणि हा रोज सांगत होता.

मग माझी कात्री काही चालेना. साहेबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तुला नेमलं. तुझा काय दोष? ही शेवटची फीत. उद्या तू कापशील. म्हणून म्हटलं, आज तुझ्यासमोरच लावते. इतके दिवस हिंमत झाली नव्हती, आज मी उत्तर देणार आहे.

शू... आली बघ मावशी. विचारलं तिने.

ऐकू आलं ना तुला? ...माझी ताई...

"आले रे, टिल्लू. आले मी."

...

ही जागा एवढी लांब नसते. मावशी बघ कशी नुसती बघत बसलीय. आणि आत्ता तो काय म्हणाला, ते ऐकलंस? तेच. आमच्या घरचंच.

रडत नाहीये मी. किती वर्षांनी बरं वाटतंय. तू घाबरू नकोस, मागेही बघू नकोस. एवढंच सांग... पडद्यावरचं ऊन गेलंय. तू उठली होतीस का?

मी तर जागची हललेच नाही.