एका ठोक्याला दहा फेरे

गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा शुक्रवारची दुपार होती, तीन वाजले होते आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. दोन सीटची, लाल, कापडी छपराची जुनी स्पोर्ट्स कार. मोठ्या रस्त्यावर लोण्यासारखी पळायची, पण वेग उतरला की रडगाणं सुरू. सिग्नलला थरथरायची, पहिल्या गिअरमध्ये गचके खायची, गर्दीत तर चक्क बंद पडायची. मालकीण दातांची डॉक्टर. तिनं किल्ली टेबलावर आपटली.

"तुमच्या दादांनी सर्व्हिसिंग करेपर्यंत बरी होती. पाचला येते. जमणार नसेल तर तोंडानं सांगा, मी दुसरा मेकॅनिक बघते."

तिची काही चूक नव्हती, म्हणून तर मला जास्त झोंबलं.

आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ज्याच्या हातचं हे काम, तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हसत होता. खरं तर तो तिथं असायलाच नको होता. तीन आठवड्यांपासून त्याचं हृदय ठोके चुकवत होतं. सोमवारी छातीत यंत्र बसवायचं ठरलं होतं. तोवर अंथरुणातून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी दारात पहारा देत बसली होती, तर हे महाशय मागच्या दारानं पसार.

"स्वतःच्या जिवावर उठलायस का?" मी ओरडलो.

"छत बघून बघून वीट आला रे."

"तीन दिवस! तीन दिवस कळ काढता येत नाही तुला?"

त्याला त्रास होईल असं काही बोलू नका, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी तोंड मिटलं आणि हातातला पाना भिंतीवर फेकला. मग वहिनीला फोन करून सांगितलं, की तो इथं आहे, काम आटोपलं की मीच सोडतो.

कामाला लागलो. प्लग मागच्याच खेपेला नवे टाकले होते. कार्बोरेटरच्या सांध्यांवर क्लीनर फवारला. कुठून हवा ओढत असेल तर इंजिनाचा सूर लगेच बदलतो. नाही बदलला. चारही सिलिंडरचा दाब मोजला, एकसारखा. शेवटी जुनी तऱ्हा. इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर उपटायची. उपटूनही आवाजात फरक पडला नाही, तर तो सिलिंडर मेलेला. पण चौघेही जिवंत, ठणठणीत. आणि गाडी मात्र आचके देत होती.

चार वाजून गेले. मी इंजिनाजवळ उकिडवा बसून ऐकत राहिलो. एखादा सिलिंडर चुकत असेल तर तो ठरलेल्या अंतरानं चुकतो, त्याला एक शिस्त असते. इथं काही ताळतंत्रच नव्हतं. इंजिन बराच वेळ सरळ चालायचं, मग एक गचका. लगेच दुसरा. मग एक लांब खंड, आता बंद पडतंय असं वाटावं इतका, आणि पुन्हा चालू. मी खडूनं फरशीवर गचक्यांच्या रेघा मारायला लागलो.

"दादा, आयडलिंग कशावर लावलंस?"

दादा खुर्चीत सरकून बसला.

"फेरे मोजायचं मीटर कपाटात होतं. बाहेर काढलं होतंस का?"

"मीटर तुला लागतं," दादा म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दादाची ही खोड तीस वर्षांची. डाव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या गळ्यातल्या नाडीवर, उजव्या हातात आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू. नाडीच्या एका ठोक्याला इंजिनाचे दहा फेरे. मुरलेल्या कानाला ते कळतं, मला कधी कळलं नाही. त्याची नाडी बहात्तर, इंजिन सातशेवीस. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे या कसबासाठी.

"भल्या माणसा, तुझंच घड्याळ बिघडलंय आणि त्यावर तू लोकांच्या गाड्या लावतोस? अक्कल गहाण टाकलीस का?"

त्याची दोन बोटं गळ्यावर होतीच. दुसऱ्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर ठोके मोजत होतं. टक, टक, टक. बोट थांबलं.

इंजिनानं गचका खाल्ला.

टक, टक. बोट थांबलं. गचका.

मी खडू खाली ठेवला. माप चुकलं तर आयडलिंग कमी-जास्त होईल, इतपत ठीक. पण तीन आठवड्यांपूर्वी लावलेला स्क्रू आज दादाच्या नाडीबरोबर ठोके चुकवतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? तू इंजिनाचा आवाज ऐकून बोट थांबवतोयस, असं मी त्याला म्हणालो. माझा आवाज मलाच चढलेला वाटला.

"तो स्क्रू राहू दे तसाच," दादा म्हणाला. "सोमवारनंतर बघू."

"का?"

"सांगता येत नाही. पण हात लावू नकोस."

"पाचला बाई येतेय! तिला काय सांगू, दादाच्या नाडीला विचारून या?"

मी मीटर जोडलं आणि स्क्रू फिरवला. साडेआठशेवर इंजिन असं काही स्थिरावलं, की बॉनेटवर भरून ठेवलेली पाण्याची वाटी हलली नसती.

"अरे," दादा म्हणाला. "छाती मोकळी झाली."

गालांवर रंग आला होता. मी त्याचं मनगट धरलं, घड्याळ लावून मोजलं. पंच्याऐंशी. एकही ठोका चुकलेला नाही. मला हसूच फुटलं. बघ, म्हटलं, उगाच घाबरवत होतास. आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

दादाची मान खाली पडली.

नाडी नाही. श्वास नाही. मी हाका मारल्या, छातीवर बुक्क्या घातल्या. मग मी गाडीकडे धावलो आणि किल्ली फिरवली. का फिरवली, ते मला आजही सांगता येत नाही.

इंजिन सुरू झालं.

"डोळा लागला वाटतं," दादा म्हणाला.

मी असल्या गोष्टी मानत नाही. मेकॅनिक आहे, तपासून बघतो. तिसऱ्या सिलिंडरची वायर उपटली. इंजिन लंगडलं. दादा छाती धरून वाकला. वायर बसवली. दादा सरळ झाला.

इतका वेळ इंजिन दादाच्या नाडीमागे जात होतं, मी स्क्रू फिरवल्यापासून दादाची नाडी इंजिनामागे. पुन्हा तपासायची हिंमत झाली नाही.

स्क्रू होता तसा मागे न्यायचा, बस. पण कुठवर? फिरवण्याआधी खडूनं खूण करायची, हा या धंद्यातला पहिला धडा. दादानंच शिकवलेला. फरशीभर रेघा मारल्या होत्या मी, आणि रागाच्या भरात स्क्रूला तेवढी खूण केली नव्हती. अंदाजानं पाव फेरा मागे घेतला तर दादाचे ओठ निळे पडले. घाईघाईनं पुन्हा साडेआठशेवर आणलं. गाढव, मी स्वतःला म्हणालो, शंभर नंबरी गाढव.

पेट्रोलचा काटा तळाला टेकत आला होता. "दादा, जागचा हलू नकोस," असं सांगून मी मागच्या खोलीत पळालो. एका हातानं कॅन शोधत होतो, दुसऱ्या हातात फोन. डॉक्टरांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मालकीण पंधरा मिनिटं आधीच आली होती. चालू इंजिन ऐकून खूश झाली असणार.

"दादा, झकास केलीत हो!" तिचा आवाज आला.

"अहो थांबा!" मी ओरडत बाहेर आलो. तिनं खिडकीतून हात हलवला. गाडी फाटकाबाहेर गेली, एकही गचका न खाता.

मी कोपऱ्यापर्यंत धावलो आणि शिव्या देत परत आलो. तिला दिल्या, दादाला दिल्या, सगळ्यात जास्त स्वतःला.

दादा खुर्चीत ताठ बसला होता. मी त्याच्या गळ्यावर बोटं ठेवली. ठोके चढत होते. चढले, चढले आणि एकदम उतरले. दुसरा गिअर. पुन्हा चढले. तिसरा.

तिला फोन लावला. नुसता वाजत राहिला.

मोठा रस्ता आला असावा. बोटांखाली शीर इतकी थरथरत होती, की मोजता येईना. दादाला घाम फुटला होता.

"दादा, कळ काढ. मी तिला फोनवर गाठतो."

"छान पळतेय," तो म्हणाला.

तिचा दवाखाना दहा मिनिटांवर. मी फोन लावत राहिलो. सात मिनिटं. आठ. पेट्रोल पुरू दे, एवढंच म्हणत होतो.

मग ठोके उतरले. पंच्याऐंशी. एकसारखे.

"सिग्नल असेल," मी म्हणालो.

दादानं डोळे मिटून मान हलवली.

"नाही रे. गाडी लावायला रिव्हर्स घेतेय."